सात नंबरचे अठरा श्वास

रविवार, ९ फेब्रुवारी

ताई,

घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. चार वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तुझ्या पोटात गोळा येणार, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते. मी धडधाकट आहे आणि काही मागायला लिहीत नाहीये.

कारण एवढंच की एका फॉर्मवर तुझं नाव दिलंय. 'अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे' असा रकाना होता. मी पेन हातात धरून बसूनच राहिले. खिडकीमागची बाई शेवटी वैतागली, "अहो, असेल की कोणीतरी!" मग तुझं नाव लिहिलं, नात्यापुढे 'मोठी बहीण' लिहिलं आणि तुझा नंबर टाकला. त्या नंबरावर माझा फोन लागत नाही हे काही तिला सांगितलं नाही. उद्या मी कुठे पडले-धडपडले आणि तुला फोन आला तर 'राँग नंबर' म्हणून ठेवू नकोस. फोनवर तू मला बंद करून टाकलंयस, पोस्टमनला कसं करशील?

फॉर्म कसला, ते ऐकून हसशील. हस. कपड्यांचा कारखाना गेल्या वर्षी बंद पडला, आम्ही सगळ्याच घरी बसलो. सोळा ठिकाणी विचारलं. कुठे वय आडवं आलं, कुठे शिक्षण. आता मी रुग्णसहायकाचा कोर्स करतेय. बारा आठवडे. हॉस्पिटलच्याच मागच्या इमारतीत वर्ग भरतो, शेवटी परीक्षा, आणि जे पास होतील त्यांना इथेच कामावर घेणार. सेहेचाळिसाव्या वर्षी हे मिळालंय. हे हातचं गेलं तर माझ्याकडे दुसरं काही नाही, म्हणून रोज अर्धा तास आधीच वर्गाच्या दाराशी जाऊन उभी राहते.

ऐक तरी काय काय शिकतेय. माणूस अंथरुणात असताना खालची चादर बदलणं. पडल्या पडल्या अंघोळ घालणं. घास भरवणं, ताप-नाडी-बीपी बघणं, हात धुणं. हो, हात धुणं! त्याच्या सहा पायऱ्या आहेत, आणि मी दोनदा नापास झाले. एक वही दिलीय, तिच्यात एकेचाळीस कामं छापलेली. प्रत्येक कामासमोर मास्तरीणबाईंची सही मिळवायची. ही मास्तरीणबाई म्हणजे तीस वर्षं वॉर्डात काढलेली नर्स. आवाज चढवत नाही, नुसती भुवई चढवते, तेवढ्याने आमची गाळण उडते.

वर्गात बावीस जण. त्यांत म्हातारे दोघंच, मी आणि एक कंडक्टर. पूर्वी बसवर होता, तो मार्ग बंद झाला, मग हा इथे. साहजिकच आमची जोडी लावली. व्हीलचेअर ढकलताना सवयीने ओरडतो, "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे!" पेशंटसुद्धा हसतात. घरी बायकोने अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलंय की यांना हॉस्पिटलात नोकरी लागली. त्यामुळे बिचारा युनिफॉर्म घालूनच घरून निघतो.

सगळ्यात अवघड काम कुठलं, माहितेय? श्वास मोजणं. आपण मोजतोय हे पेशंटला कळू द्यायचं नाही, कळलं की त्याचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावरही बोटं मनगटावर तशीच ठेवायची आणि डोळे छातीवर. घड्याळात पूर्ण एक मिनिट. पेशंटला वाटतं अजून नाडीच चाललीय. मला वाटलं, एवढी लबाडी तर मला जन्मजात येते.

आई गेली त्या दिवशी मी तुला जे बोलले त्याबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. फॉर्मचं कळवायचं होतं, कळवलं.

भिंगरी

बुधवार, १९ फेब्रुवारी

ताई,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तू घेतलंस. वाचलंस की चुलीत घातलंस ते तुझं तू जाणे.

परवा मास्तरीणबाईंनी आम्हाला पेशंट केलं. म्हणाल्या, "दोन तास पाठीवर पडून राहायचं. हलायचं नाही. नाक खाजलं तरी नाही." मला वाटलं, आयती विश्रांती. दहा मिनिटं मजेत गेली. मग माकडहाडाखाली काहीतरी टोचायला लागलं. बघितलं तर चादरीची एक सुरकुती, इवलीशी. पंचविसाव्या मिनिटाला टाचा जळायला लागल्या. चाळिसाव्या मिनिटाला मी उठून बसले आणि रडू फुटलं. सगळे म्हणाले, अहो एवढं काय, खेळच आहे. कंडक्टरने पाणी आणून दिलं.

त्यानंतर कूस बदलायला शिकवली. दर दोन तासांनी. पेशंटखाली एक आडवी चादर असते, तिची दोन टोकं दोघांनी दोन बाजूंनी धरायची, एक-दोन-तीन म्हणायचं आणि उचलून वळवायचं. ओढायचं नाही, ओढलं की कातडी सोलवटते. पाठीमागे उशी, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी. मी विचारलं, "एकटं माणूस असेल तर?" मास्तरीणबाई म्हणाल्या, "एकट्याने करायचंच नाही. माणसाची कंबर जाते आणि पेशंटची जखमही चुकत नाही."

तू एकटी होतीस.

आईला अंथरुणाला खिळून तीन वर्षं झाली होती. मी महिन्यातून एक रविवार यायचे, फळं घेऊन, आणि साडेचारची गाडी आहे म्हणून चारला निघायचे. साडेचारला गाडी नव्हती, ताई. सहाला होती. खोलीतला वास मला सोसायचा नाही, म्हणून दीड तास स्टेशनवर बाकावर बसून राहायचे. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आणि ती गेली त्या दिवशी, खोलीभर माणसं असताना, तिच्या पाठीवरच्या जखमा बघून मी तुला म्हणाले, "तुला साधी कूस बदलता आली नाही हिची?" तुझ्या हातात ओला टॉवेल होता. तू तो खाली ठेवलास, स्वयंपाकघरात गेलीस, आणि त्यानंतर आजतागायत माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस.

पुढचं वाक्य काय लिहायचं ते मला माहीत आहे, पण ते पत्रात लिहिणं सोपं वाटतं आणि म्हणून लाज वाटते. वहीत सव्वीस सह्या झाल्यात. सोमवारपासून खऱ्या वॉर्डात जायचंय.

भिंगरी

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

ताई,

आज लिहायला हात चालत नाहीये, पण बोलायला कोणी नाही. कंडक्टरच्या हातून मोठी चूक झालीय.

वॉर्डात रोज सकाळी चौदा बेडचा ताप, नाडी, श्वास आणि बीपी घ्यायचा असतो. जोडीने करतात. एकाने मोजून आकडा सांगायचा, दुसऱ्याने तक्त्यात लिहून सही करायची. काल मी पलीकडे चादरी बदलत होते, म्हणून कंडक्टर एकटाच मोजत होता आणि लिहीत होता. सात नंबरला एक म्हातारे गृहस्थ आहेत, पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. पाय मोडलाय म्हणून आलेत. फार गोड माणूस. माझं मनगटावरचं घड्याळ बघून म्हणाले होते, "बाई, हे चार मिनिटं पुढे पळतंय, तुमच्यासारखंच." तर त्यांच्यापुढे कंडक्टरने लिहिलं, श्वास अठरा.

मोजलेच नव्हते. तुला सांगते, सगळेच असं करतात. जुन्या लोकांचे तक्ते बघ, ताप बदलतो, नाडी बदलते, श्वासाच्या रांगेत मात्र अठरा, अठरा, वीस, अठरा. धडधाकट माणसाचा साधारण तेवढाच असतो म्हणून ठोकून देतात. बोटाला लावून ऑक्सिजन दाखवणारं यंत्र नेमकं त्या सकाळी दुसऱ्या वॉर्डात नेलेलं. दोन तासांनी डॉक्टरांची फेरी आली, तेव्हा घड्याळवाल्यांचे ओठ निळसर पडले होते. इन्चार्ज सिस्टरने मोजले, तर चौतीस. छातीत न्यूमोनिया भरला होता. लगेच स्ट्रेचर, ऑक्सिजन, आणि खाली आयसीयूत. त्यांची मुलगी चपला हातात घेऊन मागे पळत गेली.

इन्चार्ज सिस्टरने तक्ता हातात धरून विचारलं, "सही कोणाची?" कंडक्टर म्हणाला, "माझी." "मोजलं कोणी?" तो म्हणाला, "मीच." "मोजलंत की नुसतंच लिहिलंत?" त्याने पेन खिशाला लावलं.

मंगळवारी अकरा वाजता चौकशी आहे, तोवर त्याने वॉर्डात यायचं नाही. त्याला काढून टाकतील असं सगळे म्हणतात. इतका सज्जन माणूस आणि अशी चूक! मला कालपासून अन्न गोड लागत नाही. घड्याळवाल्यांचं काय होईल कळत नाही. आयसीयूच्या दारापर्यंत जाऊन आले, आत सोडत नाहीत. हात सारखे धुतेय, सहाच्या सहा पायऱ्या करून, कातडी सोलायला आली.

चूक त्याची, आणि झोप माझी उडालीय. असं का होत असेल?

भिंगरी

रविवार, २ मार्च

ताई,

परवाचं पत्र खोटं आहे. ते अजून पोचलं नसेल तर आधी हे वाच.

मी चादरी बदलत नव्हते. मोजणारी मी होते. कंडक्टर लिहीत होता. मी घड्याळवाल्यांच्या मनगटावर बोटं ठेवली, नाडी मोजली, एकशे चार, ती सांगितली, आणि पुढे श्वास मोजायला थांबायच्या ऐवजी हात सोडून म्हणाले, "अठरा." तोवर मी आठव्या बेडकडे वळलेसुद्धा होते.

का मोजले नाहीत याची मी तीन दिवस कारणं शोधतेय. उशीर झाला होता. अकराला बीपीची सही घ्यायची होती. ते डोळे मिटून पडले होते, झोपलेत असं वाटलं. ही सगळी कारणं चार माणसांत सांगण्यासारखी आहेत. खरं कारण ऐक. मला कंटाळा आला होता. चौदा माणसांच्या छातीकडे चौदा मिनिटं बघत उभं राहायचा कंटाळा.

आणि सिस्टरने "मोजलं कोणी" विचारलं तेव्हा मी त्याच्या शेजारी उभी होते. एक हात अंतरावर. तो "मीच" म्हणाला, आणि मला काय वाटलं सांगू? सुटले, असं वाटलं. आधी सुटले वाटलं, लाज नंतर आली. ती पण जिना उतरता उतरता.

काल तो घड्याळवाल्यांची तब्येत विचारायला आला होता, त्याला जिन्यात गाठलं. म्हटलं, "तुम्ही असं का सांगितलंत?"

तो म्हणाला, "तुम्ही पांढऱ्याफटक पडला होतात. तोंडातून निघून गेलं."

"अहो, पण चूक माझी."

"तुम्ही मोजलं नाहीत ते मला दिसत होतं की. दिसत होतं, तरी लिहिलं आणि खाली सही ठोकली. सतरा वर्षं बसवर होतो, माणूस मोजल्याशिवाय कधी घंटी मारली नाही. इथे मारली." मग जरा वेळ कठड्यावर बोट फिरवत राहिला. म्हणाला, "बायकोला अजून सांगितलं नाही. आज पण युनिफॉर्म घालूनच निघालो. बागेत बसलो होतो सकाळभर."

मी म्हटलं, "मी मंगळवारी सांगते सगळं."

तो म्हणाला, "मी तुम्हाला काही म्हणत नाही, बाई. तुमचं तुम्ही बघा."

रागावला असता तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या तर मीही चार ऐकवल्या असत्या आणि मोकळी झाले असते. त्याने काहीच केलं नाही, म्हणून मी घरी येऊन भांडी घासली, स्वच्छ होती ती पण.

ताई, मला भीती वाटतेय. खरीखुरी. सांगितलं तर हा कोर्स गेला, नोकरी गेली. या वयात मला दुसरं कोण दारात उभं करणार? नाही सांगितलं तर तो जाईल, आणि मी पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये परीक्षेला बसेन, पास पण होईन. मला ओळखतेस तू. मी पळ काढण्यात पटाईत. स्टेशनवरच्या बाकावर दीड दीड तास बसणारी बाई मी.

तू सांग मी काय करू, असं लिहिणार होते. पण मंगळवारच्या आत तुझं उत्तर येऊ शकत नाही, आणि ते माहीत असताना विचारणं म्हणजेही एक पळवाटच. घड्याळवाले अजून खालीच आहेत. श्वासासाठी नळी घातलीय असं ऐकलं.

चार वर्षांपूर्वी मी भरल्या खोलीत बोट तुझ्याकडे दाखवलं. आता बोट दाखवायलाही लागलं नाही, नुसतं गप्प राहून भागलं.

तुझी बहीण

मंगळवार, ४ मार्च

ताई,

सांगितलं.

अकराची वेळ होती, मी पावणेदहालाच दाराबाहेर जाऊन उभी राहिले. बसले तर उठवणार नाही याची खात्री होती. कंडक्टर आला, दाढी गुळगुळीत, युनिफॉर्मला कडक इस्त्री. मला बघून मान हलवली. मी दाराकडे दोनदा हात नेऊन मागे घेतला, तेव्हा तो म्हणाला, "घाबरू नका, स्टॉप आला की उतरायचंच असतं." मला हसू आलं आणि त्याच भरात मी दार ठोठावून आत शिरले, त्याच्या आधी.

आत मास्तरीणबाई, इन्चार्ज सिस्टर, आणि ऑफिसचे एक साहेब. मी उभ्या उभ्या म्हटलं, "सात नंबरचे श्वास मी मोजायचे होते. मी मोजले नाहीत. अठरा मी सांगितलं, त्यांनी फक्त लिहिलं."

सिस्टर म्हणाल्या, "मग इतके दिवस तोंडात मिठाची गुळणी धरली होती का?"

"भीती वाटली."

"आणि आता वाटत नाही?"

"आता पण वाटतेय," मी म्हटलं.

मास्तरीणबाई उठल्या. कपाटातून आमच्या जोडीचे चार दिवसांचे तक्ते काढले, माझ्यापुढे टेबलावर ठेवले आणि एक लाल पेन दिलं. म्हणाल्या, "जे श्वास मोजले नाहीत त्यांना गोल करा. आठवत नसेल तर तेही गोल करा."

तिथेच, तिघांसमोर, मी खुर्चीच्या कडेला बसून गोल करत गेले. पहिल्या दिवशी एकही नाही, पहिल्या दिवशी मी सगळे मोजले होते, चौदाच्या चौदा. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी सात. चौथ्या दिवशी, म्हणजे त्या गुरुवारी, नऊ. एकोणीस लाल गोल, ताई. त्यांतली काही माणसं बरी होऊन घरी गेलीत, त्यांना पत्ताही नाही. दोन नंबरच्या आजी मला रोज बिस्किट देतात, त्यांचेही दोन गोल.

सिस्टर तो गठ्ठा घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. साहेबांनी कंडक्टरला आत बोलावलं. मास्तरीणबाई तेवढ्यात मला म्हणाल्या, "आकडा राहिला असता, रकाना कोरा असता, तर सिस्टरने जाऊन मोजला असता. तुमच्या अठराने तिला तिकडे बघूच दिलं नाही." भुवई चढवली नाही. तेच जास्त लागलं.

निकाल असा: कंडक्टरला ताकीद, आणि दोन आठवडे जास्त वॉर्ड. तो राहिला. बाहेर येऊन आधी बायकोला फोन लावला आणि म्हणाला, "काही नाही गं, सहज." माझी वही जमा करून घेतली. तेहेतीस सह्या झाल्या होत्या, त्या रद्द. या तुकडीतून मी बाहेर. जुलैत नवी तुकडी सुरू होते, तिच्यात पहिल्या दिवसापासून बसायचं असेल तर अर्ज करायचा, आणि अर्जावर कारण लिहायचं. घेतीलच असं नाही. तोवर काय खायचं हा प्रश्न आहेच, तो आज राहू दे.

घड्याळवाल्यांची नळी काल काढली. अजून आयसीयूतच आहेत, पण खुणेने पाणी मागतात. त्यांच्या मुलीला मी जिन्यात थांबवून सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि वर गेली. तिचं बरोबर आहे.

आता ते वाक्य. हे लिहायला मी लायक झाले म्हणून लिहीत नाहीये, आणखी उशीर करण्यात अर्थ नाही म्हणून लिहितेय. आईला जखमा झाल्या त्यात तुझा दोष नव्हता. मी तुला जे बोलले ते क्रूर होतं, आणि काही ठाऊक नसताना बोललेलं होतं. माझं चुकलं. मला माफ कर असं म्हणत नाही, ते तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल. चुकलं, एवढंच.

तुझी बहीण

शनिवार, १५ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. आठ ओळी. मी त्या उभ्यानेच वाचल्या, मग बसून वाचल्या, मग पाणी प्यायले आणि परत वाचल्या.

मला वाटलं होतं तू रागावशील, किंवा 'झालं गेलं विसरून जा' म्हणशील. दोन्हींची तयारी केली होती. तू जे लिहिलंयस त्याची नव्हती.

तू लिहितेस की मी त्या दिवशी खोटं बोलले नव्हते. शेवटचे दोन महिने तू रात्री उठतच नव्हतीस. गजर व्हायचा, तू तो बंद करायचीस आणि झोपायचीस. सकाळी मी फोन केला की सांगायचीस, हो, बदलली कूस, तीनदा बदलली. तू लिहितेस की मी ते वाक्य बोलले तेव्हा तुला वाटलं, हिला कळलं. म्हणून तू स्वयंपाकघरात गेलीस. चार वर्षं तू माझ्यावर रागावून गप्प नव्हतीस, तू धरली गेलीस म्हणून गप्प होतीस. शेवटी लिहितेस, "तुझे एकोणीस तरी मोजलेले आहेत. माझे मला मोजता यायचे नाहीत."

पत्र घेऊन मी मास्तरीणबाईंकडे गेले होते. तुझं नाव सांगितलं नाही, 'एक बाई' म्हटलं. विचारलं, एका बाईने एकटीने तीन वर्षं, दिवसरात्र, दर दोन तासांनी कूस बदलायची म्हटली तर? त्या हिशोब करायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "वॉर्डात आम्ही तीन पाळ्या ठेवतो. पाळीला दोन-दोन माणसं. म्हणजे सहा." मग विचारलं, "ती बाई कशी आहे आता?" मी म्हटलं, "माहीत नाही. विचारलंच नाही कधी." त्या म्हणाल्या, "मग इथे काय करताय?"

म्हणून उद्या येतेय, हे पत्र पोस्टात न टाकता हातात घेऊनच. सकाळी दहाला पोचते. परतीची गाडी बघितलेली नाही. तू दार उघडलं नाहीस तर शेजारच्या काकूंकडे बसेन, त्यांना माझं तोंड आवडत नाही पण बसू देतील. अर्ज जुलैचा आहे, मला तोवर कुठे जायचं नाही. कारणाच्या रकान्यात सगळं लिहिलंय, जागा पुरली नाही म्हणून पाठीमागेही लिहिलंय.

तुझ्याकडे माफी मागायला येत नाहीये आणि तुला माफ करायलाही नाही, आपण दोघींनी एवढे मोठे अधिकार घ्यायला नकोत. एक गोष्ट तुझ्यासमोर बसून सांगायचीय. पण उद्या तुझं तोंड बघितल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, म्हणून आधी इथे लिहून ठेवते.

तू गजर बंद केलास आणि झोपलीस, ते बरं केलंस, ताई. त्या घरात आणखी एक माणूस असायला हवं होतं, ते मी होते, आणि मी म्हणायला हवं होतं, तू झोप, आता मी उठते.

भिंगरी